डावी सीट

१

पत्रा बघायचा नसतो, ऐकायचा असतो. मधल्या बोटाचं पेर वाकवून दारावर टकटक करायची. आवाज स्वच्छ आणि लांबणारा आला तर पत्रा कारखान्यातून निघाला तसाच आहे. बसका आला तर आत पुट्टी भरलेली आहे, गाडी कुठेतरी आदळलेली आहे, आणि विकणारा खोटं बोलतो आहे. चालती गाडी ऐकायची असेल तर एकाने चालवायची आणि दुसऱ्याने रस्त्याच्या कडेला डोळे मिटून उभं राहायचं. डोळे फसवतात, रंगाला भुलतात. कान भुलत नाहीत.

हे सगळं अब्बांचं. बल्लारपुरात पेपरमिलच्या रस्त्यावर त्यांचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज. इब्राहीमभाईंच्या हातून निघालेल्या गाडीचा जोड दाखवून द्या, असं चंद्रपूरपर्यंत लोक पैज लावून म्हणायचे. मी इंजिनिअरिंग केलं, आमच्या गल्लीतला पहिला. पण त्या डिग्रीपेक्षा मला या कानाचा गर्व जास्त होता. प्राध्यापक वही काढून हिशोब करायचे, मी बोनेटवर टिचकी मारून सांगायचो.

आमच्या घरात चारचाकी मात्र कधी आली नव्हती. दुसऱ्यांच्या गाड्या सजवून सोडायच्या आणि आपण मोटारसायकलवर फिरायचं, असं चाललेलं. त्यात मी निशातला शब्द देऊन बसलो होतो. निशात माझी धाकटी बहीण, बी.एस्सी. करत होती. गॅरेजच्या आवारात गिऱ्हाइकांच्या गाड्या मागेपुढे करून ती माझ्याहून चांगली चालवायला शिकली होती. पण आवाराच्या फाटकाबाहेर नाही. फाटकाबाहेर चाचालोक होते, त्यांचे खोकले होते. "पोरीच्या हाती स्टेअरिंग? कायले?" असं विचारणारे.

मी त्यांना उलट विचारायचो, "काऊन नाई? कारण सांगा." कारण कोणाकडेच नसायचं. आमच्या घरात मीच हा नियम घालून दिला होता. 'नाही' म्हणायचं असेल तर कारण द्यायचं. 'बस, नाही म्हणजे नाही' हे चालणार नाही.

तर शब्द असा होता की घरात येणारी पहिली गाडी निशात चालवत आणेल. दिवसाढवळ्या, बाजारातून, काचा खाली करून.

२

दोन हजार दोनच्या जानेवारीत कळलं की चामोर्शीला एक स्पोर्ट्स कार विकायला आहे.

मी हसलोच. चामोर्शीत धान पिकतं, गुरांचा बाजार भरतो. स्पोर्ट्स कार? पण खरं होतं. खाणीवर मशिनी बसवायला आलेल्या कोणा परदेशी साहेबाने ती जपानहून आणवली होती. तो गेला, गाडी राहिली. मग चामोर्शीचे राईस मिलवाले गुणवंतराव यांच्या मुलाने, आदेशने, हौसेने घेतली. दोन दारं, दोन सीट, लाल. आता त्याला नको होती, आणि भाव आम्हाला झेपेल असा होता.

"दोनच सीट?" कॉलेजचे मित्र चहाच्या टपरीवर माझी खेचायला लागले. "काय बे जिशान, समतेवर भाषण देतो अन् मागची सीटच नसलेली गाडी घेतो? गोरगरीब कुठी बसतीन, डिक्कीत?"

"एक सीट माझी," मी म्हणालो, "दुसरी रस्त्यावरच्या माणसाची. जो पायी चालताना दिसेल त्याची. जंगलाच्या रस्त्याला दिवसातून एखादी एस.टी. जाते, अन् गाडीवाले रिकाम्या सीटा घेऊन धूळ उडवत निघून जातात. रिकामी सीट म्हणजे चालणाऱ्याचा अपमान आहे."

टाळ्या नाही पडल्या, पण खेचणं थांबलं. घरी निशातला हे सांगितलं तेव्हा तिचे डोळे चमकले. "मी पण बसवीन," ती म्हणाली. "बाया दिसल्या तर पहिले."

अब्बा तर माझ्याहून उतावीळ झाले. "लाल आहे ना? बस. लाल रंगाचं काम मी स्वतः करतो. तू अन् निशू जा, ऐकून या. पत्रा साफ असला तर उचलून आणा, पैसे मी पोचवतो."

मीही असा की वाट बघणं मला जमत नाही. दुसऱ्याच दिवशी सकाळी निशातला मोटारसायकलवर मागे बसवलं. कोठारी, गोंडपिपरी, आष्टीचा वैनगंगेवरचा पूल. चामोर्शीला पोचलो तेव्हा दोघांच्या भुवया धुळीने पांढऱ्या झाल्या होत्या.

३

गुणवंतरावांची राईस मिल गावाबाहेर होती, जंगलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. मागे कापलेल्या धानाची शेतं, त्यांच्या पलीकडे सागाची काळी रेघ. नवीन धान आलेलं, मिलचा पट्टा धडधडत होता, हवेत कोंडा उडत होता. गुणवंतराव धोतर सावरत आले. पाठीवर थाप मारून म्हणाले, "इब्राहीमभाईचा पोट्टा ना तू? आमच्या ट्रकचं नाक तुह्या बापानंच सरळ केलं होतं."

मला बरं वाटलं. अब्बांचं नाव नदीपलीकडे पोचलं होतं.

गाडी शेडमध्ये होती. ताडपत्री ओढली आणि निशातच्या तोंडून "हाय अल्ला" निघालं. खाली बसलेली, नाक पुढे काढलेली, झेप घ्यायच्या आधी जनावर दबा धरतं तशी. धूळसुद्धा तिच्यावर शोभत होती.

आदेश शेडच्या दाराशी बाकावर बसला होता. माझ्याच वयाचा, इस्त्रीचा शर्ट, चेहरा शांत. बाक लांब होतं, आणि तो अगदी उजव्या टोकाला, अर्धा बाहेर लोंबकळल्यासारखा बसला होता. मी त्याच्या शेजारी बसायला गेलो तर तो एकदम म्हणाला, "तिथी नका. इकडून खुर्ची घ्या." मी खुर्ची घेतली. बाकाची फळी मोडकी असेल, म्हटलं.

"किती चालवली?" मी विचारलं.

"धानोऱ्याला जात होतो. मोहफूल, चारोळी, आमची खरेदी असते तिकडं. हर आठवड्याले."

"सोबत कोण असायचं?"

"कोणी नाई. एकटाच."

त्याची बायको रीता चहा घेऊन आली होती. बोलकी, हसरी. निशात तिला म्हणाली, "वहिनी, तुमची तर मज्जाच असल. अशा गाडीत बसून बाजाराले जात असान."

"मी?" रीताने कपबशा खाली ठेवल्या. "मी एकदा पण नाई बसली, बाई."

"काऊन?"

"मले जागा कुठी आहे तिच्यात?" ती म्हणाली आणि पदराला हात पुसत आत गेली.

मी गाडीत डोकावलो आणि हसू आलं. खरंच जागा नव्हती. डाव्या सीटवर तांदळाचं पोतं ठेवलेलं होतं, उभं, आणि त्याच्यावरून सीटबेल्ट घेऊन खटक्यात अडकवलेला होता.

४

आता माझं काम. मी बाह्या वर केल्या.

बोनेट स्वच्छ. डिक्की स्वच्छ. उजवं दार असं वाजलं की निशातने माझ्याकडे बघून मान डोलावली. मग डाव्या बाजूला आलो आणि दारावर पेर आपटलं.

थप्.

परत आपटलं. थप्. वर, खाली, मुठीजवळ, सगळीकडे तोच आवाज. पुट्टी असा आवाज देत नाही. पुट्टीचा बसका आवाज एका जागी असतो, चार बोटं सरकलं की पत्रा परत बोलायला लागतो. हा आवाज मी ओळखत होतो, पण गॅरेजमधला म्हणून नाही. लहानपणी ट्रकच्या केबिनमध्ये अब्बा दाराला पाठ टेकून झोपायचे आणि मी बाहेरून त्यांना उठवायला टकटक करायचो. दाराला आतून माणूस टेकलेला असला की असा आवाज येतो.

लोहचुंबक लावून बघितला. पटकन चिकटला. पुट्टी नव्हतीच.

मी दार उघडून आत बघितलं. आम्हा गॅरेजवाल्यांना गाडीची झीज वाचता येते. ड्रायव्हरच्या सीटवर झीज होती, बरोबर. पण डावी सीट त्याहून झिजलेली होती. रेक्झिनला बसून बसून पडतात तशा चिरा. खालची चटई दोन जागी टाचांनी पार भोकं पडेपर्यंत घासलेली. काच खाली करायच्या हँडलचा काळा रंग जाऊन आतला धातू उघडा पडलेला, रोज फिरवल्यासारखा.

"एकटेच जात होते म्हणता?" मी विचारलं.

आदेश हो म्हणाला.

"मग ही सीट?"

गुणवंतरावच पुढे झाले. "जुनी गाडी आहे, बाबू. तो साहेब काय एकटा बसत असन? त्याची मेम असन."

हे पटण्यासारखं होतं. मला पटलंही. "अन् हे पोतं?"

"ते धानोऱ्याच्या जीपवाल्यांची रीत आहे. सवाऱ्या उतरवून एकटा परतला का बाजूच्या सीटवर काहीतरी ठेवायचं. दगड म्हणा, पोतं म्हणा. रिकामी नाई ठेवायची."

"काऊन?"

"बसते कोणी," आदेश म्हणाला.

कोंबड्या उघड्या गाडीत जाऊन बसतात, त्याबद्दल बोलावं तितक्या साध्या आवाजात.

"कोण? कोंबडी?" मी म्हणालो आणि निशात फिसकन हसली. मला चेव आला. धानोऱ्याच्या बाजाराच्या दिवशी आमच्या अंधश्रद्धाविरोधी ग्रुपने दोनदा कार्यक्रम केला होता, भूत दाखवा आणि बक्षीस घ्या. एकही जण पुढे आला नव्हता. "आदेशभाऊ, तुम्ही ग्रॅज्युएट ना? कारण सांगा. नाहीतर मी हे पोतं काढतो."

आदेश माझ्याकडे बघत राहिला. आता आठवतं की त्या बघण्यात भीती नव्हती. हावरेपणा होता.

"काढा," तो म्हणाला. "तुमच्या हातानं काढा."

मी खटका उघडला, पोतं छातीशी घेतलं आणि शेडच्या कोपऱ्यात नेऊन आपटलं. परत येऊन दारावर पेर वाजवलं.

टण्ण.

कसं घंटेसारखं. मी निशातकडे बघितलं, मग बापलेकांकडे. पोत्याचा भार दाराला लागत असणार, आणखी काय? बघा, एवढंसंच असतं. हात लावला की संपतं.

५

आता चालती गाडी ऐकायची राहिली होती. मिलच्या धडधडीत ते जमणार नव्हतं. म्हणून ठरवलं की निशातने गाडी काढायची, रस्त्याने जंगलात जायचं, पुढे कुठे वळवून परत यायचं. मी शेताच्या बांधावरून तिरका चालत पुढे जाऊन, जिथे मिलचा आवाज संपतो तिथे, जंगलाच्या कडेला उभा राहणार.

"एकटीच जाऊ?" निशातने विचारलं. आवाजात भीती नव्हती, विश्वास बसत नव्हता.

"फाटकाबाहेर," मी म्हणालो.

तिने ओढणी कमरेला खोचली आणि आत बसली. गाडी अशी अलगद निघाली की पोती उचलणारे हमाल थांबून बघायला लागले. एक म्हणाला, "अबे, पोरगी चालवून राह्यली!" माझी मान ताठ झाली. मी बांध धरला.

उन्हं डोक्यावर होती. सागाची पानं गळून रस्त्यावर वाळलेली, वारा नव्हता. मिलचा आवाज हळूहळू मागे पडला आणि मी रस्त्याला लागलो तेव्हा माझ्याच श्वासाचा तेवढा आवाज उरला. कडेला उभा राहिलो, डोळे मिटले.

आली. गिअर बदलला, इंजिनने सूर चढवला, एकही फाटका स्वर नाही. चारही चाकं एका लयीत. माझ्यासमोरून गेली तेव्हा निशात ओरडली, "ऐक, भाई, ऐक!" आणि वळणाच्या पलीकडे सूर विरत गेला. मी डोळे उघडले नाहीत. मला वाटत होतं, अब्बा इथे हवे होते.

येतानाही डावीच बाजू ऐकायची होती, तिचा मला अजून थोडा संशय होता. म्हणून मी रस्ता ओलांडून पलीकडे गेलो. परत येताना डावं दार माझ्या अंगाला लागूनच जाणार होतं. पुन्हा डोळे मिटले.

वेळ लागला. वळवायला लागतो त्याहून जास्त. मध्येच लांबवर इंजिन नुसतं उभं गुरगुरत असल्याचं ऐकू आलं, दार लागल्याचा आवाज आला, मग परत गिअर.

ती येऊ लागली आणि मला ताबडतोब कळलं. सूर उतरला होता. डावं मागचं चाक दबून चालत होतं, गाडी त्या अंगावर भार घेऊन येत होती. आणि इंजिनच्या आवाजावर निशातचा आवाज होता. ती बोलत होती. ओरडत नव्हती, गात नव्हती, बोलत होती. एक वाक्य, मग थांबणं. मग हसणं. मग "हो का?" मग परत थांबणं. समोरचा उत्तर देतो तेवढं थांबणं.

ती उत्तरं मला ऐकू येत नव्हती. माझ्या कानाला.

मी डोळे उघडले तेव्हा गाडी समोरूनच जात होती. डावी काच पूर्ण खाली होती. खिडकीत एक कोपर टेकलेलं होतं, लांबच्या प्रवासात माणूस टेकवतो तसं निवांत, राखेच्या रंगाचं. त्याची बोटं बाहेरून दारावर वाजत होती. टक, टक, थांबून, टक. पत्रा ऐकणारी बोटं.

६

गाडी पुढे जाऊन थांबली. धुळीचा लोट तिच्यावरून पुढे गेला. डावं दार उघडलं.

निशातने आतून हात लांबवून माझ्यासाठी उघडलं असेल, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मला बसवायला. त्या सीटवर. मी धावत सुटलो.

धावताना मी सगळी कारणं काढली. उन्हाची तिरीप. सावली. धूळ. झोप झाली नाही, सकाळपासून पोटात काही नाही. प्रत्येक कारण चांगलं होतं, आणि एकही कारण मला त्या उघड्या दाराच्या आत बघायला लावू शकत नव्हतं. मी बघितलं नाही. हे लपवत नाही. जे मी बाजारात भर दुपारी लोकांना बघायला बोलवायचो, ते समोर आलं असेल नसेल, मी मान फिरवली, जमिनीकडे बघत दारात डावा हात घातला आणि ओरडलो, "उतर! निशात, आत्ता उतर!"

हातात हात आला. गार, धुळकट. मी ओढला. ती उतरली.

एका शब्दाने तिने विचारलं नाही, काऊन? माझी बहीण, जी चहात साखर कमी का म्हणून कारण मागते, ती मुकाट्याने उतरली. आणि काय सांगू, त्याही वेळी मला अभिमान वाटला. केवढा हा भरवसा, म्हटलं.

मी रस्ता सोडला. सरळ बांधावर शिरलो. धानाचे बांध अरुंद, दोन माणसं शेजारी चालूच शकत नाहीत. मी पुढे, हात मागे, हातात तिचा हात. बांधावर वाळलेलं गवत होतं, माझ्या पावलांखाली ते चरचरत होतं.

थोडं पुढे गेलो आणि मागून, रस्त्यावरून, हाक आली.

"भाई! ए भाई!"

निशातचा आवाज.

मी थबकलो. "भाई, कुठी चालला? अरे थांब ना!" तिचाच आवाज, 'थांब ना' म्हणताना नाकातून चढणारा, चिडली की फाटणारा. जगात कोणीही त्याची नक्कल करू शकलं नसतं. मी हजार आवाजांतून तो ओळखला असता.

पण हात माझ्या हातात होता. हाड, मांस, नखं. हात खरा असतो. आवाजाचं काय, आवाज हवेतून येतो, माणूस आवाजाला फसतो. जंगलात मागून हाक आली तर ओ देऊ नये, ही तिकडच्या म्हाताऱ्यांची शिकवण, आणि मी तिच्यावर सभेत किती विनोद केले होते! त्या दुपारी मी ती शाळकरी पोरासारखी पाळली.

"ऐकू नको," मी मागे न बघता म्हणालो. "ती तू नाहीस. चालत राहा."

हाताने माझा हात दाबला. समजलं, असं सांगितल्यासारखा.

हाका येत राहिल्या. मग हाकांत रडू आलं. मग थांबल्या. दार आपटलं, इंजिन चालू झालं आणि गाडी रस्त्याने मिलकडे निघून गेली. माझा कान सवयीने ऐकत होता. चारही चाकं एका लयीत. कुठेही भार नाही.

मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. मला फक्त एवढं कळत होतं की मी माझ्या बहिणीला वाचवून आणलं आहे.

७

मिलच्या आवारात शिरलो तेव्हा लाल गाडी शेडसमोर उभी होती. गुणवंतराव कोंड्याच्या ढिगापाशी उभे राहून तिच्याकडे बघत होते. मी दिसताच ते वळले. त्यांनी नजर माझ्या चेहऱ्यावरच ठेवली, जरासुद्धा बाजूला जाऊ दिली नाही.

"गाडी नको आम्हाला," मी म्हणालो. "भाऊ, कारण विचारू नका."

"बापा, तुह्या बहिणीनं तर आत्ताच हो म्हटलं."

"कोणी?"

"ते काय, बसली. रडून राह्यली. तू तिले रस्त्यात सोडून गेला म्हणते."

रीताच्या ओसरीवर, पायरीवर, निशात बसली होती. ओढणी कमरेला खोचलेली. रीता तिला पाणी देत होती. निशातने मला बघितलं, ताडकन उठली आणि तिथूनच ओरडली, "लाज नाई वाटत? एवढ्या हाका मारल्या! मले वाटलं, गंमत करतो!"

मी आवाराच्या मधेच थांबलो.

"वळवायच्या जागी एक बाई चालत होती, डोक्यावर मोळी घेऊन. म्हणून बसवलं मी. तूच म्हणतो ना, रिकामी सीट ठेवायची नाई! मोळी तिनं तिथीच टाकली, मी विचारलं तर म्हणे राहू दे. चांगली गप्पा मारत होती. मग तू आला, दारात हात घातला, नाव माह्यं घेऊन ओरडला, अन् उतरवलं तिले, घेऊन निघाला. काऊन? मी उजव्या बाजूनं उतरून तुह्या मागं हाका मारत होती, अन् तू बघत पण नाई!"

निशात गाडी चालवत होती. निशात उजव्या बाजूला होती. मी डाव्या दारात हात घातला होता.

हे मला तिने सांगेपर्यंत सुचलं नव्हतं. मला, ज्याला चार बोटांवरून पुट्टी कळते.

"ती बाई कुठी गेली?" निशातने विचारलं.

माझ्या मागे कोण आहे ते तिला दिसत नव्हतं. गुणवंतरावांना काय दिसत होतं ते मी त्यांच्या चेहऱ्यावर वाचलं नाही. आदेश शेडमधून कागदपत्रं घेऊन आला. माझ्यापासून लांबूनच वळसा घालून त्याने ती निशातच्या हातात दिली, आणि मग आवाराच्या मधोमध दोन्ही हात पसरून आळस दिला, खूप दिवसांनी पाठ मोकळी झाल्यासारखा.

"सांग," निशात माझ्यासमोर येऊन उभी राहिली. गाल ओले, नाक लाल, हनुवटी वर. "घ्यायची का नाई? नाई म्हणायचं असन तर कारण दे."

मी तिच्याकडे बघितलं. माझी बहीण. मी घडवलेली. तिला खोटं कारण चाललं नसतं आणि खरं कारण आता गाडीत नव्हतं. गाडीत काहीच दोष उरला नव्हता. ती आता नुसती गाडी होती, निखळ, घंटेसारखी.

"घे," मी म्हणालो. "तू चालवत ने. बाजारातून ने. काचा खाली ठेव."

"अन् तू?"

"मी येतो मागून, मोटारसायकलनं."

ती क्षणभर रागावलेलीच राहिली, मग राहवलं नाही, हसली. रीता धावत आली, "बाई, मले फाटकापर्यंत नेता का?" आणि उत्तराची वाट न बघता डाव्या सीटवर जाऊन बसली, नव्या नवरीसारखी पदर सावरत. हमालांनी पोती खाली ठेवली. कोणीतरी शिटी मारली. निशातने गाडी वळवली, इंजिनचा सूर चढवला आणि मान ताठ ठेवून फाटकाबाहेर काढली. माझ्या सगळ्या भाषणांत मिळून जे आलं नसेल ते त्या एका वळणात होतं. अब्बा दारात उभे असतील. चाचालोक खोकायचं विसरतील. तिच्यामागे उडालेली धूळसुद्धा लाल दिसत होती, आणि माझी छाती अभिमानाने अशी भरून आली की दुखायला लागली.

गाडी दिसेनाशी होईपर्यंत मी उजवा हात हलवत राहिलो.

डावा हात मी अजून सोडवून घेतला नव्हता. फाटकापाशी धूळ खाली बसली आणि मोटारसायकलकडे जायला मी पाऊल उचललं, तेव्हा त्या हाताने पकड बदलली. बोटं माझ्या बोटांत नीट गुंफून घेतली, लांबच्या वाटेला निघताना माणूस गुंफून घेतो तशी.